अंतराळातला आडत्या : घरी बसून खेळ बनवतानाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

आज सुरुवात केली. अंतराळात माल वाहणारं एक छोटं जहाज, दहा-बारा ठाणी, इथे घ्यायचं, तिथे विकायचं. खेळातला सगळा मजकूर मराठीत. मी दिवसा इंदूरजवळ पीथमपूरला एका कारखान्याच्या हिशेबखात्यात असते, त्यामुळे वेळ रात्री दहा ते बारा आणि रविवारचा. कॉलेजात 'सी' ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले होते, त्याला चौदा वर्षं झाली.

जुना लॅपटॉप घेतला, २१,५०० रुपये. ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. खेळ बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, हवं. गोडो इंजिन फुकट आहे आणि हलकं आहे म्हणून तेच. लॅपटॉप जुना आणि शिकवणारे व्हिडिओही जुने, म्हणून ३.५ आवृत्ती टाकली. ही पहिली चूक, पण ती कळायला सहा आठवडे लागले.

१९८४ साली बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरवर 'एलीट' नावाचा खेळ आला होता. ३२ केबी मेमरीत आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ तारे, आणि व्यापार. तारे साठवलेलेच नव्हते, एका आकड्यातून दर वेळी नव्याने काढलेले होते. ते वाचून मीही पाचशे तारे ठरवले. नवऱ्याने विचारलं, "पाचशे ठिकाणी विकणार काय?" राग आला, पण रात्री यादी करायला बसले तर अठरा वस्तूंपुढे गाडी जाईना. त्यातली एक भाच्याच्या हट्टाने 'रतलामी शेव' आहे. तेव्हा पाचशे तारे रद्द. आपलीच सूर्यमाला, अकरा ठाणी.

२८ जानेवारी

जहाज उडतं. त्रिमितीत, खऱ्यासारखं. इंजिन बंद केलं तरी पुढेच जातं, थांबायला उलटं वळून जोर लावावा लागतो. भाच्याने दहा मिनिटांत सात वेळा ठाण्यावर आपटवलं.

आता खरी भानगड. आरंभबिंदूपासून लांब गेलं की जहाज थरथरतं. आधी ग्राफिक्सचा दोष वाटला, दोन रात्री सेटिंग बदलण्यात घालवल्या. दोष आकड्यांचा आहे. गोडोत जागा दाखवणारे आकडे ३२ बिटांचे असतात. एक लाख मीटरवर त्यांची एक पायरी सुमारे ८ मिलिमीटरची असते, दहा लाख मीटरवर सव्वासहा सेंटिमीटरची. त्याहून बारीक हालचाल तिथे होऊच शकत नाही, म्हणून जहाज पायरीपायरीने उड्या मारतं.

उपाय असा की जहाज ५,००० मीटर गेलं की त्याला उचलून पुन्हा शून्यावर आणायचं आणि बाकी सगळं जग तेवढंच मागे सरकवायचं. खेळणाऱ्याला काही कळत नाही. कळत नाही म्हणते, पण पहिल्या प्रयत्नात जहाज शून्यावर आलं आणि इंजिनाचा जाळ पाच किलोमीटर मागेच राहिला. जाळाचे कण जगाच्या मोजमापात होते, ते जहाजाच्या मोजमापात आणल्यावर गाडी रुळावर आली.

११ फेब्रुवारी

पृथ्वी ते चंद्र ३,८४,४०० किलोमीटर. अर्धी वाट पृथ्वीच्या गुरुत्वाइतका वेग वाढवत, अर्धी तितकाच कमी करत गेलं तर साडेतीन तास लागतात. इतकं इंधन कुठलंही खरं यान नेऊ शकत नाही, ते खेळात चालतं. पण साडेतीन तास खुर्चीवर कोण बसेल? म्हणून काळ हजारपट पळवायची सोय केली.

हजारपटीत जहाज चंद्राच्या ठाण्यावरून आरपार गेलं. कारण काढायला वेळ लागला नाही, पण हसू आलं. गोडो सेकंदाला ६० वेळा हिशेब करतं. हजारपट केल्यावर एका हिशेबात सुमारे सतरा सेकंद जातात. मध्यावर वेग असतो सेकंदाला ६१ किलोमीटर, म्हणजे एका ढांगेत हजार किलोमीटर. वाटेतलं ठाणं पायाखाली येणारच नाही.

ढांग लहान करून बघितली, लॅपटॉपचा पंखा सुटला. शेवटी लांबचा प्रवास उडवायचाच नाही असं ठरवलं. अंतर आणि वेग घेऊन पोचायची वेळ सूत्राने काढायची आणि त्या वेळी जहाज तिथे ठेवायचं. चार ओळींचं काम. आणि तीन आठवडे खपून केलेलं उडणं आता फक्त ठाण्याला लागताना शेवटच्या दोन मिनिटांपुरतं उरलं.

२५ फेब्रुवारी

आज मराठी मजकूर टाकायला घेतला आणि डोक्याला हात लावला. 'किंमत' मधली वेलांटी क नंतर येते. जोडाक्षरं फुटतात, प्रत्येकात पाय मोडलेला दिसतो. चार फॉन्ट बदलले. फॉन्टचा काही दोष नव्हता. गोडोच्या ३ मालिकेत अक्षरं एकामागून एक मांडली जातात, देवनागरीसारखी जुळवणी होत नाही. ती ४ पासून आली आहे.

कोणी मराठीत खेळ करणार असेल तर कृपा करून हे पहिल्या दिवशी तपासा. 'दुसऱ्या', 'किंमत', 'वस्तू', 'ट्रॉली', 'कर्ज' हे पाच शब्द पडद्यावर आणा. नीट दिसले तरच पुढे जा. मी सहा आठवड्यांनी तपासलं.

१७ मार्च

गोडो ४.२ वर यायला तीन आठवडे गेले. आपोआप बदलून देणारी सोय आहे, ती निम्मं काम करते आणि उरलेलं निम्मं कुठे आहे ते सांगत नाही. किती तरी नावं बदलली आहेत. गोडोची चित्र काढायची नवी मुख्य पद्धत माझ्या लॅपटॉपला झेपत नाही, 'कंपॅटिबिलिटी' निवडल्यावर चालला.

मराठी आता सुरेख दिसते. फक्त संवाद अक्षर-अक्षर उमटवताना आधी 'क' दिसायचा, मग तो सरकून 'कि' व्हायचा. गोडोच्या मजकूर दाखवणाऱ्या लेबलमध्ये अक्षरं जुळवणीनंतर कापण्याची एक निवड आहे. मूळ निवड जुळवणीआधी कापण्याची असते, ती बदलली.

आकडे लाख-कोटींच्या पद्धतीने दाखवायला स्वतःच फंक्शन लिहिलं. शेवटचे तीन, मग दोन-दोन. भाच्याने कर्ज काढलं आणि पडद्यावर आलं '-,५००'. उणे चिन्हालाही मी अंक म्हणून मोजलं होतं.

या बदलाबदलीत त्रिमिती सोडून दिली. ठाण्याला लागण्याच्या दोन मिनिटांसाठी मॉडेलं कोण बनवणार? आता वरून दिसणारा सपाट नकाशा. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

३० मार्च

रंगपंचमी. इंदूरच्या राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला गेलो, डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी होऊन आलो. काम शून्य. कीबोर्डवर अजून रंग आहे.

१४ एप्रिल

व्यापार सुरू केला. प्रत्येक वस्तूचा मूळ भाव, त्यात दररोज २० टक्के वर-खाली, नशिबाने.

भाचा आणि त्याचा मित्र बसले. वीस मिनिटांत दोघं कोट्यधीश. चंद्रावर बर्फ स्वस्त, पृथ्वीच्या कक्षेत महाग, कितीही न्या, भाव पडत नाही. मित्र म्हणाला, "आंटी, ये तो बस आना-जाना है." अगदी खरं बोलला. तिकीट काढून बसमध्ये बसल्यासारखा खेळ झाला होता.

२१ एप्रिल

माझे सासरे छावणीच्या धान्यमंडीत एका आडतीवर चौतीस वर्षं मुनीम होते. आज चहा घेता घेता त्यांनी पडद्याकडे बघितलं.

"भाव कोण काढतं?"

"कॉम्प्युटर काढतो, बाबा. नशिबाने."

"अगं, नशिबाने सट्टा होतो. भाव ढिगावर असतो. ढीग किती पडलाय आणि घेणारे किती उभे आहेत ते बघ आधी."

मग पाऊण तास त्यांनी मला आवक, जावक, आडत (म्हणजे दलाली), तुलाई (म्हणजे तोलाई), हम्माली, उधारी सगळं सांगितलं. मी हिशेबखात्यात दहा वर्षं आहे, पण ही बाजू कधी कळलीच नव्हती. आमच्याकडे येतो तो भाव आधीच ठरलेला असतो.

रात्री नवं सूत्र लिहिलं. प्रत्येक ठाण्याला वस्तूचा साठा, आणि किती साठा असला म्हणजे तिथले लोक निश्चिंत असतात तो आकडा. साठा त्याच्या निम्मा झाला की भाव दीडपटीच्या थोडा वर जातो.

पुन्हा फसले. खेळणाऱ्याने २०० पैकी १०० नग घेतले तर सगळे जुन्याच भावाने, ५० होनांना (होन हे खेळातलं नाणं) मिळायचे. घेऊन झाले की साठा निम्मा आणि भाव ७५ च्या वर. मग तेच १०० नग तिथेच ७५ ला विकायचे. इंधन नाही, प्रवास नाही, जागेवरून न हलता नफा. बाबांना दाखवलं तर म्हणाले, "असं दुकान मिळालं असतं तर मुनीम कशाला राहिलो असतो."

दुरुस्ती: भाव नगागणिक चढतो किंवा उतरतो. वर खरेदीला ३ टक्के आडत आणि चढवा-उतरवायची हम्माली वेगळी. आता जागेवर घेऊन विकलं की तोटाच होतो.

१२ मे

हा महिना सगळ्यात रिकामा गेला आणि सगळ्यात कामाचाही ठरला, म्हणून सविस्तर लिहिते.

खेळणारा कोणी नसताना बाजार कसा चालतो ते बघायला लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. खेळातली दहा वर्षं. सकाळी आलेख बघितला तर तिसऱ्या वर्षीच बाजार मेला होता. मंगळावर लोखंडाचे डोंगर, अन्नसाठा शून्य, भाव कमाल मर्यादेला चिकटलेले. उघड होतं, एकटा खेळणारा अकरा ठाणी कशी पोसणार?

म्हणून चाळीस अदृश्य जहाजं सोडली. नियम साधा: जिथे फरक जास्त दिसेल तिथे माल न्या. दुसऱ्या रात्री उलटं टोक. सगळीकडे भाव सारखे, कुठेच नफा नाही. खेळणाऱ्याने करायचं काय?

मग मला वाटलं, युक्ती सापडली. मंगळ पृथ्वीजवळ असतो तेव्हा साडेपाच कोटी किलोमीटरवर, आणि लांब असतो तेव्हा ४० कोटींवर. प्रकाशालाही तिथून यायला ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणजे मंगळाचा भाव आपल्याला कळतो तो तेवढा शिळा. ही शिळेपणाची सोय करायला नऊ रात्री लागल्या. प्रत्येक ठाण्याला दुसऱ्या प्रत्येक ठाण्याचा भाव कधीचा ठाऊक आहे याची वही. फार खूश होते स्वतःवर.

काहीही फरक पडला नाही. जहाजाला मंगळावर जायला जवळ असताना ४२ तास लागतात, लांब असताना पावणेपाच दिवस. त्यात बावीस मिनिटं उशिरा कळलं काय आणि लवकर कळलं काय!

बाबांना तक्रारीच्या सुरात सांगत होते. ते म्हणाले, मुंबईचा तेलबियांचा भाव त्यांच्याकडे दुपारी ट्रंक कॉलने यायचा, आणि तो अर्ध्या तासात सगळ्या मंडीला माहीत व्हायचा. त्यात कोणाची कमाई होत नसे. "बातमी लवकरच येते गं. उशीर होतो तो गाडीला." मालक सकाळी पोऱ्याला सायकलवर नाक्यापर्यंत पाठवायचा, देवासकडून किती ट्रॉल्या लागल्या आहेत ते बघायला. काल भाव चढला हे सगळ्यांना कळलेलं असायचं, म्हणून आज सगळे माल घेऊन निघालेले असायचे. ट्रॉल्या मोजून आलेल्यालाच लिलावात किती ताणायचं ते समजायचं.

त्या रात्री नऊ रात्रींची वही खोडली. अदृश्य जहाजं आता निघतानाचा भाव बघून निघतात आणि वाटेत मन बदलत नाहीत. मंगळावर बटाट्याचा भाव चढला की आठ-दहा जहाजं एकदमच सुटतात, चार दिवसांनी एकदमच पोचतात, आणि भाव कोसळतो. मग तिकडे कोणी फिरकत नाही, साठा संपतो, पुन्हा चढतो. आलेख पहिल्यांदाच जिवंत दिसला.

खेळणाऱ्याला एक नवा पडदा दिला, त्याचं नाव 'नाका'. कुठून किती जहाजं कुठे निघाली आहेत ते दाखवतो, पण त्यांच्यात माल कोणता आहे ते सांगत नाही. भाचा त्या पडद्यासमोर पेन घेऊन बसला आणि जेवायला हाक मारली तरी उठला नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा.

९ जून

भाच्याचा चौदा तासांचा डाव गेला. माझ्यामुळे. दोन चुका एकावर एक.

पहिली: डाव जेसॉन फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, साठवते. गोदामाची यादी वस्तूच्या क्रमांकाने होती, ५ म्हणजे बटाटे वगैरे. जेसॉनमध्ये यादीच्या किल्ल्या नेहमी मजकूर असतात. साठवताना ५ गेला, परत आला तो '५' हा मजकूर होऊन. प्रोग्रॅम विचारतो ५ कुठे आहे, उत्तर येतं नाही. गोदाम रिकामं. शिवाय गोडोत जेसॉनमधून येणारा प्रत्येक आकडा दशांशाचा होऊन येतो, त्यामुळे जिथे क्रमांक जुळवते तिथेही गडबड. आता क्रमांकाऐवजी 'बटाटे', 'बर्फ' अशी नावंच किल्ली म्हणून ठेवली आणि उघडताना प्रत्येक आकडा पूर्णांकात करून घेते.

दुसरी: लघुग्रहांची जागा एका ठरावीक बीजातून, म्हणजे सुरुवातीच्या आकड्यातून, काढते, म्हणजे दर वेळी तीच यायला हवी. पण एका ठिकाणी नशिबाचे आकडे काढणारं माझं स्वतःचं यंत्र न वापरता इंजिनाचं सामाईक फंक्शन वापरलं गेलं होतं, आणि गोडो ४ ते यंत्र प्रत्येक सुरुवातीला आपोआप ढवळून ठेवतं. भाच्याचं जहाज ज्या खाणीला लागलेलं होतं ती खाण दुसऱ्या दिवशी तिथे नव्हती.

भाच्याला छप्पन दुकान या खाऊगल्लीत नेऊन समजूत काढली. खर्च २४० रुपये, तो हिशेबात धरलेला नाही.

२१ जुलै

पावसात वीज गेली-आली आणि डिस्क बसली. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि 'कुछ नहीं बचा' म्हणून परत दिली. नऊ दिवसांचं काम गेलं. गिट (कामाच्या जुन्या प्रती जपणारं साधन) वापरत होते, पण फक्त त्याच लॅपटॉपवर! बाहेर प्रत ठेवली होती ती नऊ दिवस जुनी. नवी डिस्क (एसएसडी) २,६००, लगे हात रॅम वाढवली १,९००. आता दर रात्री झोपण्याआधी बाहेर प्रत, नवऱ्याने मोबाईलवर गजर लावून दिला आहे.

गेलेलं काम दुसऱ्यांदा पाच दिवसांत झालं आणि आधीपेक्षा बरं झालं.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला नणंदेचं कुटुंब आमच्याकडे मुक्कामी होतं. रात्रभर जागरण, सकाळी पोहे-जिलेबी, आणि मग मी सगळ्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. सहा जण, मी मागे उभी, तोंड उघडायचं नाही अशी स्वतःला अट.

तोंड बंद ठेवणं फार अवघड गेलं. सूचनांची पानं एकानेही वाचली नाहीत. मी ती दोन आठवडे लिहीत होते. चौघांनी पहिल्याच सौद्यात सगळे होन घालवले आणि इंधनाला काही उरलं नाही, डाव तिथेच संपला. नणंदेने 'नाका' म्हणजे टोलनाका समजून तो उघडलाच नाही.

सूचना काढून टाकल्या. आता सुरुवातीला जहाजात आधीच माल भरलेला असतो, कुठे पोचवायचा ते पावतीवर असतं. पोचवला की घेणं-विकणं आपोआप समजतं. होन संपले तर ठाण्याचा आडत्या उधारीवर इंधन देतो, महिना २ टक्के व्याजाने. तीन वेळा बुडवली की नाव सगळ्या ठाण्यांवर जातं.

बाबा सगळ्यात शेवटी बसले. अक्षरं लहान म्हणून चिडले, ते दुरुस्त केलं. मग त्यांनी वही मागितली आणि उभ्या रेघा मारून रोजमेळ मांडला, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. मी खेळात असा पडदा दिलाच नव्हता. मी, हिशेबखात्यातली! मग त्यांच्या वहीवरून जसाच्या तसा काढला.

१० नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत खेळ इच डॉट आयओ या खेळांच्या संकेतस्थळावर फुकट ठेवला. तिथे ठेवायला पैसे लागत नाहीत. स्टीम या खेळांच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात एका खेळाचे १०० डॉलर, म्हणजे २०२४ च्या दराने साडेआठ हजारांच्या घरात. विक्री १,००० डॉलरपर्यंत गेली की ते परत मिळतात, पण माझा खेळ फुकटच आहे, तेव्हा ते जाऊ दे.

खर्च: लॅपटॉप २१,५००, एसएसडी २,६००, रॅम १,९००, चित्रं काढणाऱ्या पुतणीला १,५००. एकूण २७,५००. आवाज घरचेच. ठाण्याचा दरवाजा उघडतो तो आमचा कुकर आहे. तास वहीत टिपले होते, ६१० भरले. त्यातले दोनशेहून जास्त त्रिमिती, जुनी आवृत्ती आणि शिळ्या बातम्यांची वही यांत गेले.

उरलेले दोष मला माहीत आहेत. 'श' आणि 'ल' काही ठिकाणी हिंदी वळणाचे दिसतात. शनीचं ठाणं इतकं लांब आहे की तिकडे कोणी जातच नाही. आणि एक नवा दोष काल कळला.

बाबांच्या डावात तीन कोटी होन दिसले. विचारलं तर शांतपणे सांगितलं. मंगळ साधारण २६ महिन्यांनी एकदा जवळ येतो. जवळ आला की भाडं स्वस्त, सगळे तिकडेच माल नेतात, भाव पडतो. तेव्हा हे मंगळावर स्वस्तात बटाटे भरतात आणि विकतच नाहीत. काळ पळवायचं बटण दाबून चहा घेतात. मंगळ लांब गेला, जहाजं यायची कमी झाली, भाव तिप्पट झाला की गोदाम उघडतात. वर्षभर बटाटा तिथे पडून असतो, सडत नाही, आणि गोदामाला भाडं नाही.

"तुझ्या मंगळावर गोदाम फुकट आहे, सूनबाई," ते म्हणाले. "मी काय करू?"

उद्यापासून दर पोत्याला भाडं लावणार आहे, आणि बटाटा चाळीस दिवसांत नासेल. बाबांना अजून सांगितलेलं नाही.